उंदीर, मेंढी, बबून आणि मग बाई: गर्भाशय प्रत्यारोपणाची शिडी एकदा नीट वाचू या

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की एक वाक्य हातून आपोआप उतरतं. "हा उपचार आधी लहान प्राण्यांत, मग मोठ्या प्राण्यांत, मग माकडवर्गात यशस्वी झाला आणि त्यानंतर माणसांत वापरला गेला." वाक्य गोळीबंद आहे, पुढेमागे चार संदर्भ चिकटवता येतात, आणि बहुतेक वेळा कुणी त्यावर प्रश्न विचारत नाही. आज तेच वाक्य आपण एका विषयावर घासून बघणार आहोत: गर्भाशय प्रत्यारोपण.

हा विषय निवडण्याचं कारण सरळ आहे. प्राण्यांवरचं इतकं पद्धतशीर काम फार कमी शस्त्रक्रियांच्या मागे आहे. त्यामुळे या क्षेत्रातल्या कुठल्याही रिव्ह्यूमध्ये तुम्हाला शिडी दिसेल: माऊस, रॅट, डुक्कर, मेंढी, बबून, बाई. माझं म्हणणं असं की शिडीतली प्रत्येक पायरी खरी आहे, पण तिची प्रत्येक पायरी वेगळ्याच भिंतीला टेकवलेली आहे. आणि जी पायरी सगळ्यात महत्त्वाची होती, ती माणसांत शस्त्रक्रिया सुरू झाल्या तेव्हा तिथे नव्हतीच. हे लपवलेलं नाही, मूळ पेपरांत स्पष्ट आहे. आपण वाचताना ते गाळतो, एवढंच.

आधी प्रश्न काय होता ते बघू

वंध्यत्वाचे बरेच प्रकार आयव्हीएफने सुटले. एक सुटला नाही: गर्भाशयच नसणं किंवा असून निकामी असणं. काही मुली जन्मतःच गर्भाशयाशिवाय जन्मतात. एमआरकेएच असं त्या स्थितीचं नाव, साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एक. बहुतेकींना हे कळतं ते सोळा-सतराव्या वर्षी, पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर. काहींची पिशवी कॅन्सरमुळे काढावी लागते, काहींची बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून. यांच्यापैकी अनेकींची बीजांडं ठणठणीत असतात. म्हणजे स्वतःचा भ्रूण तयार होऊ शकतो, पण तो ठेवायला जागा नाही.

मग दत्तक, नाहीतर सरोगसी. सरोगसीवर अनेक देशांत बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. आपल्याकडेही २०२१ च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद झाली. तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या बाईचं गर्भाशय बसवणं, त्यात भ्रूण सोडणं, एक किंवा दोन मुलं झाली की ते काढून टाकणं. काढून टाकायचं, कारण तोवर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतात आणि ती जन्मभर घेण्यात धोका आहे.

इथेच एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. या उपचारात तीन जणांचा जीव पणाला लागतो: घेणारी, देणारी आणि होणारं मूल. किडनी किंवा हृदयाशिवाय माणूस जगत नाही, म्हणून तिथे मोठी जोखीम पटकन पटते. गर्भाशयाशिवाय जगता येतं. त्यामुळे "आधी प्राण्यांत काय सिद्ध झालं?" या प्रश्नाला इथे जास्त वजन आहे.

तीन शब्द, आणि सगळा गोंधळ

पेपर उघडण्याआधी तीन शब्दांतला फरक पक्का करा. निम्मं वाचन तिथेच होतं.

ऑटो: प्राण्याचं स्वतःचंच गर्भाशय काढलं, रक्तवाहिन्या कापल्या, आणि त्याच प्राण्यात परत जोडलं. यात शिवण आणि रक्तपुरवठा तपासला जातो. शरीर अवयव नाकारण्याचा प्रश्नच नाही, कारण अवयव परका नाही.

सिंजेनिक: देणारा आणि घेणारा वेगळे, पण जनुकं सारखीच. प्रयोगशाळेतल्या एका वाणाचे उंदीर एकमेकांचे जणू जुळे भाऊबहीण असतात. इथेही नाकारणं जवळपास नाही.

अ‍ॅलो: खराखुरा परका अवयव. शरीर तो नाकारणार, औषधं लागणार, आणि त्या औषधांच्या सावटाखाली गर्भ वाढणार. माणसांत करायचं होतं ते हेच, जुळ्या बहिणींचा अपवाद सोडला तर.

आता कुठलाही पेपर "गर्भाशय प्रत्यारोपणानंतर यशस्वी गर्भधारणा" असं म्हणाला की पहिला प्रश्न: यातलं कुठलं? दुसरा: गर्भधारणा झाली, की जिवंत पिल्लू जन्मलं? तिसरा: किती प्राण्यांतून किती? या तीन प्रश्नांनी शिडी उलगडते.

पायरी पायरीने

सुरुवात अनेकदा कुत्र्यांपासून सांगतात. १९६६ साली अमेरिकेत जेम्स हार्डी यांच्या गटाने कुत्र्यांमध्ये गर्भाशय आणि बीजकोश काढून परत जोडले आणि त्यानंतर गर्भधारणा झाली. काम मोठं होतं, पण ऑटो होतं. शिवाय त्या काळातल्या या संशोधनामागचा हेतू वेगळा होता. नलिका बंद असलेल्या बायकांना मूल कसं होईल, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. १९७८ मध्ये आयव्हीएफने पहिलं मूल जन्माला आलं आणि नलिकांना वळसा घालता येऊ लागला. साहजिकच या कामातली हवा गेली. म्हणजे साठच्या दशकातला कुत्रा आणि दोन हजार सालानंतरचा उंदीर एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत नव्हते. रिव्ह्यूमध्ये मात्र ते एका खाली एक उभे असतात.

दुसरी लाट स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून आली. मॅट्स ब्रॅनस्ट्रॉम यांच्या गटाने २००२ मध्ये माऊसमध्ये तंत्र बसवलं आणि २००३ मध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून पिल्लं जन्माला घातली. तंत्र समजून घ्या, कारण त्यातच मर्यादा दिसते. नवं गर्भाशय मूळ जागी नाही, तर पोटात शेजारी बसवलं. मूळ गर्भाशय तसंच ठेवलं, म्हणजे तुलनेला त्याच प्राण्यातला अवयव मिळाला. कल्पना सुरेख. भ्रूण शस्त्रक्रिया करून थेट आत सोडले आणि पिल्लं सिझेरियनने काढली. देणारा-घेणारा सिंजेनिक. त्यामुळे या पेपरने सिद्ध केलं ते असं: सूक्ष्म शस्त्रक्रियेने जोडलेल्या गर्भाशयाला पुरेसं रक्त मिळालं तर ते गर्भ वाढवू शकतं. हे आधी माहीत नव्हतं, म्हणून पेपर महत्त्वाचा. नाकारण्याबद्दल त्याने काही सांगितलं नाही, आणि तसा दावाही केला नाही. नाकारण्याचा अभ्यास याच गटाने स्वतंत्रपणे केला. २००६ च्या त्या कामात सायक्लोस्पोरीनने नाकारणं दबलं, पण पूर्ण थांबलं नाही. हा पेपर रिव्ह्यूमध्ये किती ठळकपणे येतो ते तुम्हीच शोधा.

रॅटमध्ये २०१० साली अ‍ॅलो प्रत्यारोपणानंतरच्या गर्भधारणेचा अहवाल आला, टॅक्रोलिमस हे औषध देऊन. पेपरच्या शीर्षकातच "पहिला अहवाल" असं आहे. मराठीत माऊस आणि रॅट दोन्ही उंदीरच, पण इथे एक ओळ ओलांडली गेली: परकं गर्भाशय, औषध, आणि गर्भ, तिन्ही एकाच शरीरात.

मेंढीचं आकर्षण वेगळं. तिच्या ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या माणसाच्या मापाच्या जवळ जातात, गर्भारपण पाच महिन्यांचं, पिल्लू मोठं. गोथेनबर्गच्या गटाने २०१० मध्ये मेंढ्यांत ऑटो पद्धतीने गर्भाशय जोडून कोकरं जन्माला आल्याचं दाखवलं. २०११ मध्ये दुसऱ्या एका गटाने अ‍ॅलो पद्धत वापरली. बाराच्या आसपास मेंढ्यांपासून सुरुवात, भ्रूण सोडण्यापर्यंत पोचल्या त्याहून कितीतरी कमी, आणि पूर्ण दिवस भरलेलं बाळंतपण एक. तुमच्या तक्त्यात या ओळीसमोर नुसतं "यशस्वी" असं लिहून चालेल का? पूर्ण दिवस भरलेलं एक बाळंतपण होणं ही बातमी आहे. बारापैकी एक हाही निकाल आहे. दोन्ही एकाच ओळीत लिहिले तरच वाचणाऱ्याला काय झालं ते कळेल.

आणि बबून

इथे जरा थांबू, कारण सगळ्यांचा भरवसा याच पायरीवर आहे. केनियात नैरोबीच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रायमेट रिसर्चमध्ये गोथेनबर्गच्या गटाने बबूनवर काम केलं. २०१० च्या पेपरात ऑटो प्रत्यारोपण आहे. पहिल्या गटात फारच थोड्या माद्यांची पाळी परत सुरू झाली. तंत्र बदलल्यावर दुसऱ्या गटात प्रमाण सुधारलं. मला हा पेपर आवडतो. अपयश नीट मांडलेलं आहे, त्यावरून तंत्र कसं बदललं तेही आहे. पुढे पाळी सुरू झालेल्या माद्यांचा नरांशी समागम घडवून बघितला. २०१२ मध्ये आलेल्या त्या पाठपुराव्याच्या पेपरात एकही गर्भधारणा नाही. नलिका चिकटून बंद झाल्या होत्या.

अ‍ॅलो बबूनचा अहवाल २०१३ च्या सुरुवातीच्या अंकात छापून आला. त्यात शस्त्रक्रिया आणि औषधं आहेत, नाकारण्याची चिन्हंही आहेत. बाळंतपण नाही.

दरम्यान २०१२ मध्ये जपानी गटाने सायनोमोल्गस मकाक जातीच्या माकडिणीत गर्भाशय काढून परत बसवलं आणि पिल्लू जन्माला आलं. माकडवर्गातलं ते पहिलं. पण तेही ऑटो.

आता कागद घेऊन चौकट आखा. आडव्या ओळीत ऑटो, सिंजेनिक, अ‍ॅलो. उभ्या ओळीत उंदीर, मेंढी, माकडवर्ग. प्रत्येक खणात "जिवंत पिल्लू" झालं का ते लिहा. उंदरांचे खण भरतील, मेंढीचेही, अ‍ॅलोच्या खणात जेमतेम का होईना. माकडवर्ग आणि ऑटो हा खण २०१२ मध्ये भरला. माकडवर्ग आणि अ‍ॅलो हा खण?

स्वीडनमध्ये माणसांतल्या शस्त्रक्रिया सप्टेंबर २०१२ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा हा खण रिकामा होता. परकं गर्भाशय, माकडवर्गातला प्राणी आणि जिवंत जन्म, या तिन्ही गोष्टी एकत्र आधी कुठेही झालेल्या नव्हत्या. माणसाच्या सगळ्यात जवळचा पुरावा ज्या एका खणात हवा होता, त्यात शून्य.

म्हणून "माकडवर्गात यशस्वी झाल्यावर माणसांत" हे वाक्य चूक आहे. यशस्वी झाली ती शिवण. यशस्वी झाली ती माकडिणीची स्वतःचीच पिशवी.

मग त्यांनी घाई केली का?

इथे घाईने निकाल देऊ नका, कारण दुसरी बाजू कच्ची नाही.

पहिलं म्हणजे तुलना कशाशी करायची. सन २००० मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह इथे एका २६ वर्षांच्या बाईला ४६ वर्षांच्या दात्रीचं गर्भाशय बसवलं गेलं. ९९ व्या दिवशी ते काढावं लागलं. त्यावेळी अ‍ॅलो गर्भाशयातून गर्भ वाढल्याचा प्राण्यांतला अहवालही नव्हता. रॅटचा तो "पहिला" पेपर यायला आणखी दहा वर्षं होती. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नीतिसमितीने २००९ मध्येही म्हटलं की सुरक्षिततेची माहिती अपुरी असताना माणसांत हे करणं नैतिकदृष्ट्या योग्य नाही. या पार्श्वभूमीवर गोथेनबर्गचा दहा-बारा वर्षांचा प्रवास घाईचा म्हणता येत नाही. बॉस्टनचे सर्जन फ्रान्सिस मूर यांनी नव्या शस्त्रक्रियेसाठी तीन कसोट्या सांगितल्या होत्या: प्रयोगशाळेतला भक्कम पाया, टीमचा त्या क्षेत्रातला अनुभव, आणि संस्थेचं स्थैर्य. या तिन्हींवर तो गट बराच वर येतो.

दुसरं, रिकामा खण भरायचा तर किती बबून लागले असते? ऑटो प्रकारातच पाळी परत आणायला किती झगडावं लागलं ते आपण पाहिलं. अ‍ॅलोमध्ये त्यावर नाकारणं, औषधं, संसर्ग, मग भ्रूण सोडण्याचं तंत्र. बबूनमध्ये आयव्हीएफ बसवणं हाच वेगळा प्रकल्प. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली थ्री आर ची तत्त्वं तुम्ही पाठ केली असतील: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. एका खणासाठी आणखी कित्येक माद्या वापरणं या तत्त्वांत बसतं का? प्रामाणिकपणे "नाही" म्हणणारा माणूस मला चुकीचा वाटणार नाही.

तिसरं कारण जरा अनपेक्षित आहे. गर्भारपणातल्या औषधांबद्दलचा सगळ्यात मोठा पुरावा प्राण्यांतून आलाच नाही, तो माणसांतून आला. किडनी बदललेल्या बाईला मूल झालं ते १९५८ साली. (तीही जुळ्या बहिणीची किडनी होती, म्हणजे पुन्हा सिंजेनिक. हा शब्द पाठ सोडत नाही!) त्यानंतर सायक्लोस्पोरीन, टॅक्रोलिमस घेत असलेल्या हजारो बायकांना मुलं झाली. स्वीडनचा गट प्राण्यांच्या शिडीवरून थेट माणसांवर उतरला, असं त्यामुळे म्हणता येत नाही. एक पाय प्राण्यांच्या शिडीवर होता आणि दुसरा किडनीच्या वॉर्डमध्ये.

तर माझं मत असं: पुढे जाण्याचा निर्णय समर्थनीय होता. पण तो "प्राण्यांत सिद्ध झालं" म्हणून नाही. "प्राण्यांत शस्त्रक्रिया शिकलो, औषधांबद्दल किडनीच्या रुग्णांकडून शिकलो, उरलेलं या नऊ बायकांकडूनच शिकणार आहोत" म्हणून. ही दोन समर्थनं एकसारखी नाहीत. दुसऱ्या समर्थनात बाईला संमतिपत्रावर सही करताना सांगावं लागतं की या टप्प्याची पहिली चाचणी तूच आहेस.

प्राणी जे सांगूच शकत नव्हते

चौकट पूर्ण भरली असती तरी काही प्रश्न बाहेरच राहिले असते.

जेद्दाहचंच घ्या. त्या बाईच्या शरीराने गर्भाशय सुरुवातीला नाकारायला घेतलं होतं, पण ते औषधांनी आटोक्यात आलं. काढावं लागलं ते रक्तवाहिन्यांत गुठळी होऊन. गर्भाशयाला खालून-बाजूने पुरेसा आधार नव्हता, त्यामुळे वाहिन्यांवर ताण आला असावा किंवा त्या मुडपल्या असाव्यात, असं लेखकांनी लिहिलं. आता विचार करा: मेंढी चार पायांवर चालते, बबूनही बहुतेक वेळ तसाच. उभ्या चालणाऱ्या बाईच्या ओटीपोटात गुरुत्वाकर्षण जे करतं ते त्यांच्यात होत नाही. मग आधाराचा प्रश्न कुठलं मॉडेल विचारणार?

दुसरं उदाहरण पहिल्या मुलाचं. सप्टेंबर २०१४ मध्ये स्वीडनमध्ये ३५ वर्षांच्या बाईला मुलगा झाला; दात्री ६१ वर्षांची, ओळखीतली. ३२ वा आठवडा पुरता भरायच्या आत, १७७५ ग्रॅम वजनाचा, सिझेरियनने. कारण प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब चढण्याचा आजार. तिला जन्मतः एकच किडनी होती, औषधंही चालू होती. एकच कारण दाखवता येत नाही. पण हा आजार मुख्यतः माणसाचा. मेंढीची वार गर्भाशयाच्या भिंतीत शिरतच नाही, त्यामुळे वारेशी बांधलेला हा आजार तिच्यात बघायला मिळण्याची शक्यता नगण्य. एक कोकरू सुखरूप जन्मलं याचा अर्थ या धोक्याबद्दल काही कळलं, असा होत नाही.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त खुपतं: देणारी. प्राण्यांवरचे बहुतेक पेपर घेणाऱ्याबद्दल आहेत. माऊसच्या प्रयोगात गर्भाशयाबरोबर महारोहिणीचा तुकडा काढतात, म्हणजे दाता मरतोच, आणि पद्धतीच्या विभागातल्या एका ओळीत संपतो. माणसांत मात्र देणारी जिवंत राहून घरी जायला हवी. स्वीडनच्या नऊ जणींपैकी पाच जणींना स्वतःच्या आईनेच गर्भाशय दिलं होतं. दात्रीची शस्त्रक्रिया १० ते १३ तास चालली, घेणारीची ४ ते ६. निरोगी बाईच्या शरीरावर आजारी बाईपेक्षा दुप्पट वेळ. गर्भाशयाच्या नीला मूत्रवाहिनीला बिलगून असतात, त्या सोडवणं हेच किचकट काम. एका दात्रीला मूत्रवाहिनीची इजा होऊन नंतर दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावी लागली. देणाऱ्याचं काय होतं हा प्रश्न कुठल्या मॉडेलमध्ये मुख्य निष्पत्ती म्हणून ठेवला होता, ते शोधा. तुमच्या रिव्ह्यूमधला खरा "गॅप" तिथे सापडेल.

यश मागे वळून प्रमाणपत्र देत नाही

आता सगळ्यात मोहाची चूक. मुलं झाली ना, मग प्राण्यांचं काम बरोबर होतं!

असं नाही. एखादा रस्ता न बघता ओलांडला आणि गाडी आली नाही, म्हणून न बघणं योग्य ठरत नाही. निर्णय तपासायचा तो त्या दिवशी हातात असलेल्या पुराव्यावर. सप्टेंबर २०१२ मध्ये खण रिकामा होता, आणि २०१४ चं बाळ मागे जाऊन तो भरू शकत नाही. नऊपैकी दोन गर्भाशयं पहिल्या काही महिन्यांत काढावी लागली, एक रक्तवाहिन्या बंद पडून, दुसरं न हटणाऱ्या संसर्गामुळे. उद्या नऊच्या नऊ गेली असती, तरी उंदरांवरचे पेपर जितके चांगले आहेत तितकेच राहिले असते.

छेदाची हीच सवय माणसांतल्या आकड्यांनाही लावा. अमेरिकेत डॅलसमध्ये २० बायकांवर प्रत्यारोपण झालं, निकाल २०२४ मध्ये आले. १४ जणींचं गर्भाशय टिकलं आणि त्या १४ जणींना, सगळ्यांना, मूल झालं. हे वाक्य "शंभर टक्के" असंही लिहिता येतं आणि "सत्तर टक्के" असंही. दोन्ही आकडे खरेच आहेत. पण दारात उभ्या असलेल्या बाईला सत्तर सांगायचं असतं, कारण आपलं टिकेल की नाही हे तिला आधी कळणार नसतं.

आपल्याकडे मे २०१७ मध्ये पुण्यात गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या टीमने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. दात्री आई होती, आणि तिचं गर्भाशय काढताना दुर्बिणीची मदत घेतली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगी जन्मली. तुमच्यापैकी कुणी यावर सेमिनार देणार असेल तर स्लाइडवर उंदीर, मेंढी, बबून, पुणे अशी बाणांची रांग काढू नका. २०१७ पर्यंत स्वीडनची मुलं हाच मुख्य पुरावा होता. पुण्याचं योगदान वेगळ्या प्रश्नावर आहे: दात्रीची ती लांबलचक, उघडी शस्त्रक्रिया कमी त्रासाची करता येईल का? म्हणजे प्राण्यांच्या कामात सुटलेल्या तिसऱ्या जीवाकडे वळलेला प्रश्न. तो तसाच मांडलात तर सेमिनारला अर्थ येईल.

तुमच्या टेबलावर

तुमचा विषय गर्भाशय नसेल. जखमेवरचं मलम असेल, मधुमेहाचं औषध असेल, हाडातलं इम्प्लांट असेल. तरी रिव्ह्यूच्या तक्त्यात "प्राणी" आणि "निकाल" या दोन रकान्यांच्या मध्ये आणखी तीन रकाने घाला: मॉडेलने नेमका कुठला प्रश्न विचारला; तो प्रश्न माणसातल्या प्रश्नाशी कुठे जुळतो आणि कुठे नाही; सुरुवातीला किती प्राणी होते आणि शेवटी किती उरले. तिसऱ्या रकान्यासाठी आकडा सापडत नसेल तर "दिलेला नाही" असं लिहा. २०१० पासून अराइव्ह नावाची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतायत: किती प्राणी घेतले, किती वगळले आणि का, ते लिहा.

पुढे तुम्ही स्वतः प्राण्यांवर काम करणार असाल तर संस्थेच्या नीतिसमितीपुढे फॉर्म बी भरावा लागेल. सीपीसीएसईए, आताचं नाव सीसीएसईए, त्यांच्या नियमाप्रमाणे तिथे हीच जात का आणि इतकेच प्राणी का, याचं कारण द्यायचं असतं. बहुतेक जण मागच्या सीनियरचा फॉर्म उघडतात आणि "माणसाशी साधर्म्य असल्यामुळे" हे वाक्य उचलतात. साधर्म्य कशात? रक्तवाहिनीच्या मापात, वारेच्या रचनेत, प्रतिकारशक्तीत, की उभं चालण्यात? एका गोष्टीत असेल तर त्या एकाच गोष्टीचं नाव लिहा, आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरं या प्राण्यांकडून मिळणार नाहीत हेही त्याच परिच्छेदात लिहा. फॉर्म थोडा लांबेल. समितीतला एखादा सदस्य दोन प्रश्न जास्त विचारेल. विचारू द्या. ते प्रश्न फॉर्मवर सुटले नाहीत तर पुढे एखाद्या बाईच्या संमतिपत्रापर्यंत तसेच जातात.